शाळावाली शेवटी

माझी सून कधीच नाही म्हणायची नाही, म्हणून आमच्या भजनी मंडळातल्या बायका माझ्यावर जळायच्या. वेणूबाई, नशीब काढलंत बघा, म्हणायच्या. मी आपली हसायची. त्यांना कुठं सांगत बसू, की घरातलं एक माणूस सदानकदा हो म्हणायला लागलं की डोकं फिरतं. भांडायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं.

प्रियांकाचं माहेर अळणावरचं. वडील नागेशराव रेल्वेत, घर शेतीवाडीचं, माणसं साधी. साकेतनं, म्हणजे माझ्या मुलानं, तिला कॉलेजात असतानाच पसंत करून ठेवली होती. आम्ही फक्त अक्षता टाकल्या. पोरगी हुशार. विद्यानगरातच, आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची, आणि तिथं म्हणे तिच्या तासाला पोरं चिडीचूप बसायची. घरात उलटं, इथं हीच चिडीचूप. काहीही विचारा, उत्तर एकच: "आयतु, अत्ती." अत्ती म्हणजे मी, सासू. आयतु म्हणजे बरं, ठीक, तुम्ही म्हणाल तसं. हुबळीतल्या मराठी घरात निम्मं कन्नड चालतंच, त्याचं काही नाही. पण लग्नाला वर्ष होत आलं तरी या पोरीच्या पोटात काय आहे, ते त्या आयतुच्या पलीकडं मला कळलं नव्हतं.

उदाहरण सांगते. कारळ्याची चटणी मी तिला रोज वाढायची आणि ती रोज खायची. एकदा अळणावरहून तिची आई आली आणि ताट बघून म्हणाली, अगबाई, हिला लहानपणापासून कारळ्याचा वास सहन होत नाही, तुम्ही काय जादू केलीत? मी प्रियांकाकडं बघितलं. ती चटणीचं बोट चाटत होती. मला हसावं की रडावं कळेना.

त्यात उन्हाळ्याच्या तोंडाला साकेतला बेंगळूरची नोकरी लागली आणि तो गेला. प्रियांका टर्म संपेपर्यंत इथंच राहणार होती. पण पुढं काय? तिनं नोकरी सोडून त्याच्याकडं जायचं, की इथं कॉलेज चालू ठेवायचं आणि त्यानं सुट्टीला येऊन जायचं? साकेत म्हणाला, तिला विचारा. कॉलेजचे प्रिन्सिपॉल म्हणाले, जूनच्या आत सांगा, म्हणजे आम्हाला दुसरं माणूस बघता येईल. मी तिला विचारलं तर ती काय म्हणणार? तुमी म्हणाल तसं, अत्ती.

आता खरं सांगायचं तर मला ती इथंच हवी होती. ती गेली की घरात उरणार आम्ही दोघं, मी आणि आमचे हे. हे म्हणजे राघवेंद्रराव. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून पेपराच्या मागंच असतात आणि बोलले तर एखादंच वाक्य बोलतात. पोरगी घरात वावरली की बरं वाटायचं. मंडळातल्या बायकांना तर मी सांगूनही टाकलं होतं, आमची प्रियांका राहणार आमच्याजवळच. ती शेजारी बसून ऐकत होती, तिनं मान हलवली. पण नुसतं माझ्या शब्दाखातर राहिलेली सून मला नको होती. तिची ती मान खरंच होकाराची होती का, हे मला जाणून घ्यायचं होतं आणि जून जवळ येत होता.

एका संध्याकाळी चहा द्यायला तिच्या खोलीत गेले, तर ही पलंगावर पाय पोटाशी घेऊन, कानात इयरफोन घालून फोनवर काहीतरी बघत होती आणि चक्क हसत होती. मी दारात दिसताच उठून उभी राहिली. मी म्हटलं, बस की, काय बघायलीस ते मला पण दाखव. तिनं भीतभीत फोन पुढं केला. काळं आकाश होतं आणि त्यात एक भलंमोठं जहाज तरंगत होतं.

त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, या तीन मालिका आहेत, वेगवेगळ्या काढलेल्या, पण गोष्ट एकच. नावं इंग्रजी, माझ्या जिभेवर काही बसली नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. पहिली जहाजवाली: कॅप्टन टोवा नावाची एक करारी बाई अंतराळात जहाज घेऊन फिरते. दुसरी धूळवाली: तेच जहाज एका धुळीच्या ग्रहावर अडकून पडतं. आणि शाळावाली: टोवा पोरगी असताना जिथं शिकली, त्या शाळेची. म्हणजे घडली सगळ्यांत आधी आणि काढली सगळ्यांत शेवटी. कॉलेजात असताना तिनं आणि साकेतनं या सगळ्या एकत्र बघितल्या होत्या. सांगताना तिचे हात चालत होते, डोळे चालत होते, मराठी आणि कन्नड एकमेकांच्या अंगावर पडत होतं. चहा निवला तरी मी कप हातात धरून ऐकत राहिले.

मी म्हटलं, हॉलमध्ये एवढा मोठा टीव्ही पडलाय, उद्यापासून आपण दोघी बघू. पण सुरुवात शाळावालीपासून.

त्याला कारण आहे. मी जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवला. माझ्या वर्गाच्या भिंतीवर काळपट्टी असायची, आणि ज्याला सनावळी येत नाही त्याला मी पुढचं काही शिकवत नसे. बाप आधी, मुलगा नंतर. लढाई आधी, तह नंतर. शिवाय आमच्या ह्यांची रोज सकाळी पोथी असते. पहिला अध्याय टाकून कुणी चौथ्यापासून पोथी लावतं का? उलट शेवटचा अध्याय झाला तरी हे पोथी तशीच मिटत नाहीत. पहिल्या अध्यायाच्या पाच ओव्या वाचतात आणि मगच रुमालात बांधतात, म्हणजे वाचन कधी संपलं असं होत नाही. सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे ती. हे सगळं मी प्रियांकाला ऐकवलं. ती काहीतरी बोलणार असं वाटलं, ओठ हललेसुद्धा. मग म्हणाली, आयतु, अत्ती.

दुसऱ्या दिवशी शाळावाली उघडेना. प्रियांकानं टीव्हीसमोर बसून बरीच खटपट केली आणि म्हणाली, नेटचं काहीतरी झालंय, ती उघडत नाही, तोवर जहाजवाली लावू का, ती उघडायलीय. मी म्हटलं, लाव, तेवढाच वेळ जाईल. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मग काही दिवस मी विचारायचीच विसरले, कारण तोवर जहाजवालीनं मला धरलं होतं.

रोज संध्याकाळी ती कॉलेजातून आली की चुरमुऱ्याला फोडणी पडायची, कधी कांदा-टोमॅटो घालून त्याचंच गिरमिट व्हायचं, आणि देवापाशी दिवा लावेपर्यंत आम्ही दोघी टीव्हीसमोर. मी खालची इंग्रजी अक्षरं वाचायची, मागं पडले की ती सांगायची. जहाजं एकमेकांवर गोळे टाकायला लागली की म्हणायची, हे खोटं आहे अत्ती, अंतराळात आवाज जातच नाही. टीव्हीला ती खुशाल खोटं म्हणायची. मला कधी नाही.

त्या जहाजाला एक आवाज होता. माणूस दिसत नाही; जहाजाचं यंत्रच बोलतं, पण म्हाताऱ्या बाईच्या घोगऱ्या सुरात. पहिल्याच भागात कॅप्टन टोवा खिडकीशी उभी असते आणि आवाज म्हणतो, कॅप्टन, आजपण तुम्ही झोपला नाहीत. जेवलाही नाहीत. टोवा म्हणते, नको मला. तरी थोड्या वेळानं भिंतीतला कप्पा उघडतो आणि गरम सूपची वाटी बाहेर येते. मी म्हटलं, काय भोचक म्हातारी आहे, नको म्हटलेलं कळत नाही का हिला? आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, स्वभाव ओळखीचा वाटतो. मी त्यांच्याकडं रोखून बघितलं. प्रियांका पदर नव्हता म्हणून ओढणीत हसली.

म्हातारी प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची. वाट बदला, फेरविचार करा, त्या माणसावर विश्वास ठेवू नका. टोवा तिला तोंडावर नाही म्हणायची आणि म्हणून मला फार आवडायची. मी मुद्दाम प्रियांकाला म्हणायची, बघ, कशी ठणकावून बोलते. प्रियांका म्हणायची, हूं.

मे निम्मा गेला तरी शाळावाली उघडत नव्हती. पहिला धडा गाळून आपण पुढं चाललोय, ही रुखरुख मला होतीच. शेवटी एका दुपारी प्रियांका कॉलेजात असताना मी नेटवाल्या शंकरला फोन करून फैलावर घेतलं. तो बिचारा उन्हातून आला, रिमोट हातात घेतला, दोन बटणं दाबली आणि शाळावाली उघडली. एक लांब व्हरांडा दिसला आणि कुणाच्या तरी पावलांचा आवाज यायला लागला. "नेट छलो ऐत्री, टीचर," शंकर म्हणाला. नेट उत्तम होतं, कधी बिघडलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, बंद कर ते आणि ताक पिऊन जा.

तो गेल्यावर मी तशीच बसून राहिले. राग आला होता, आणि वाईटही वाटलं होतं. इतक्या संध्याकाळी पोरगी माझ्या शेजारी बसून हसत होती आणि मला खोटं सांगत होती. मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, जिला नाही म्हणायची सोय नाही, ती दुसरं काय करणार? मी म्हटलं, सोय नाही म्हणजे? मी काय वाघ आहे? ते म्हणाले, लग्नाला एवढी वर्षं झाली, मी तरी तुला कधी नाही म्हटलंय? आणि चष्मा पुसायला लागले.

संध्याकाळी प्रियांका आली. हातपाय धुऊन तिनं चहा टाकला, चुरमुरे परतून परातीत आणले. मी टीव्हीसमोर बसले होते. आज शाळावाली लावू, मी म्हटलं, शंकर दुपारी येऊन गेला.

तिचा चेहरा उतरला. परात तिनं हळूच खाली ठेवली. मी रिमोट उचलला. खरं तर मला ती लावायची नव्हती, हिच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. पण बोट बटणावर गेलं.

"ब्याड, अत्ती."

ब्याड म्हणजे नको. एवढंसंच बोलली, पण या घरात पहिल्यांदा. मग तिला स्वतःच्याच आवाजानं धीर आला असावा, कारण ती मराठीवर आली.

"नको. लावू नका तुमी ते. शाळावाली शेवटी बघायची असते."

"का?"

"ते सांगायचं नाही. सांगितलं तर बघून काय उपेग? तुमची सनावळी असू दे की शाळेत, इथं नाही चालत ती. जहाजवाली, मग धूळवाली, मग ही. मी सांगते तसं बघा, नाहीतर मी बसणार नाही तुमच्यासंगट."

मी रिमोट खाली ठेवला. राग कुठं गेला ते कळलं नाही. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी पदरानं तोंड पुसलं. पोरीचे कान लाल झाले होते, आणि तरी ती मागं हटत नव्हती. तिच्या तासाला पोरं गप्प का बसतात, तेही कळलं.

मग इतके दिवस खोटं का सांगितलंस, मी विचारलं. ती म्हणाली, नाही म्हणायला तोंड होईना, म्हणून नेटला पुढं केलं.

"आता तोंड झालं ना?" मी म्हटलं. "मग आणखी काय काय नको आहे तेही सांगून टाक. मी ऐकायला बसलेय."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. ह्यांनी पेपरची घडी केली होती. आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे. प्रियांका सांगायला लागली. कारळ्याची चटणी नको. सकाळी मी तिच्या आंघोळीचं पाणी काढून ठेवते ते नको, ती येईपर्यंत ते निवतं. भजनाला मी तिला मिरवायला नेते, ते तर मुळीच नको. मी एकेका नकोला मान हलवत होते आणि मला मजा वाटत होती. मग ती थांबली आणि खाली बसली.

"आणि अत्ती, मला बेंगळूरला जायचंय. साकेत आहे म्हणून नुसतं नव्हे. तिथं एका संस्थेत मला संशोधनाची जागा मिळालीय. त्यांना उत्तर द्यायचंय. तुमी सगळ्यांना सांगून बसला मी राहणार म्हणून, मग मी कसं सांगू?"

मजा वाटायची थांबली. नाही म्हण, नाही म्हण, म्हणून मी पोरीच्या मागं लागले होते, आणि तिनं म्हटलं ते नेमकं जिथं मला हो हवं होतं तिथं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. काम काही नव्हतं, ओट्यावरची भांडी उगीच पालथी घातली. संध्याकाळी पुन्हा आम्ही दोघं, पेपर आणि भिंतीवरचं घड्याळ, हे डोळ्यांपुढं आलं. थोडी रडले. सांगायला लाज कसली.

दारातून बघितलं तर प्रियांका तिथंच बसली होती. आत धावत येऊन, नाही नाही अत्ती, राहते मी, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी तिला कधी माफ केलं नसतं.

मी बाहेर आले आणि म्हटलं, संस्थेला आजच कळव, प्रिन्सिपॉलना उद्या सांगून ये. मंडळातल्या बायकांचं मी बघते. आणि चुरमुरे मऊ पडायच्या आत जहाजवाली लाव. तिनं लावली. त्या संध्याकाळी ती रोजच्यापेक्षा जवळ सरकून बसली, आणि मला एकाच वेळी बरंही वाटत होतं आणि वाईटही.

मंडळात मी सांगितलं, प्रियांका बेंगळूरला जाणार. एकीनं हळहळून विचारलं, म्हणजे तुम्ही तिला परवानगी दिलीत? मी म्हटलं, परवानगी कसली, तिनं मला सांगितलं. एवढं बोलून मी टाळ हातात घेतले. तोंडावर हसू आलं होतं ते भजन संपेपर्यंत काही गेलं नाही.

जूनमध्ये ती गेली. जाताना बजावून गेली, शाळावालीला हात लावायचा नाही. धूळवाली आम्ही फोनवर बघितली. म्हणजे ती तिकडं लॅपटॉपवर, मी इकडं टीव्हीवर आणि फोन स्पीकरवर. एक, दोन, तीन म्हणून दोघींनी एकदम लावायचं. पण तिचं नेट जलद, त्यामुळं माझ्याकडं दार उघडायच्या आधीच दारामागं कोण आहे ते बघून ती दचकायची. मी म्हणायची, माझ्याआधी दचकू नकोस. ती म्हणायची, नाही जमणार, अत्ती. आता तिला नाही म्हणायची सवयच लागली होती. साकेतनं एकदा तक्रार केली, आई, तू हिला काय शिकवून पाठवलंस? मी म्हटलं, इतिहास.

धूळवाली गणपतीच्या सुमाराला संपली. शेवटी जहाजात वीज उरत नाही. माणसं वाचवायची तर जहाजाचा आवाज बंद करावा लागणार, आणि तसं आवाज स्वतःच सांगतो. टोवा, जिनं म्हातारीचं आजवर एक ऐकलं नाही, ती मान खाली घालते आणि म्हणते, बरं, बाई. आणि त्या आवाजाला नावानं हाक मारते. म्हणजे ते नुसतं यंत्र नव्हतं, ते कुणीतरी होतं. मग जहाज गप्प झालं. मी डोळे पुसत होते आणि फोनमधून प्रियांकाचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मी विचारलं, कोण गं ती? ती म्हणाली, दिवाळीला कळेल.

दिवाळीपर्यंत माझी काय अवस्था झाली ते माझं मला माहीत. उत्तर टीव्हीत पडलेलं, रिमोट हाताशी. एका संध्याकाळी मी शाळावालीच्या चित्रापर्यंत जाऊनही आले. हे म्हणाले, बघ की, तिला कुठं कळतंय? मी म्हटलं, तिनं नको म्हटलंय. टीव्ही बंद केला आणि चकलीची भाजणी भाजायला घेतली.

दिवाळीला दोघं आली. नरक चतुर्दशीचा फराळ झाला आणि भर सकाळी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. तोच लांब व्हरांडा, तीच पावलं. आणि माणूस दिसायच्या आधी आवाज आला, घोगरा, म्हातारा, कुणाला तरी रागावत असलेला. मी ताठ बसले. एक बुटकी बाई वर्गात आली आणि हजेरी घ्यायला लागली. शिक्षिका होती ती. मागच्या बाकावर टोवा, पोरसवदा, खांदे पाडून बसलेली, विचारेल त्याला हो बाई, हो बाई करणारी. बाई तिचा पेपर तिच्या पुढ्यात टाकतात आणि म्हणतात, तू सगळं मला आवडेल तेच लिहिलंयस, पुन्हा लिही.

मी प्रियांकाकडं वळले. ती टीव्ही बघतच नव्हती, मला बघत होती.

"हे आधी बघितला असता तर म्हातारी कोण ते पहिल्या दिवशीच कळलं असतं," ती म्हणाली. "मग तुमी तिला भोचक म्हटला नसता. तिच्यावर चिडला नसता. आणि चिडल्याबिगर ती कळत नाही, अत्ती."

आमचे हे पेपरामागं खोकले. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

शाळावाली छोटीच होती, भाऊबीजेला संपली. त्या बाई आजारी पडतात. आपण गेल्यावर या पोरीशी वाद घालायला कुणीतरी हवं, म्हणून आपला आवाज जहाजाला देऊन जातात. एवढीच गोष्ट, पण ती मी विसरणार नाही. गाडी संध्याकाळची होती, साकेत बॅगा दाराशी नेत होता. मी दशम्या आणि शेंगाची चटणी डब्यात भरून ठेवली होती. प्रियांका म्हणाली, डबा नको अत्ती, बॅगेत जागा नाही, गाडीत मिळतं काहीतरी. मी बरं म्हटलं आणि टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

"असं मिटायचं नसतं," ती म्हणाली. "पाच ओव्या राहिल्या की."

माझ्या हातातून रिमोट घेऊन तिनं जहाजवालीचा पहिला भाग लावला. ह्यांनी पेपर खाली ठेवला. साकेत बॅग हातात घेऊन तसाच उभा राहिला. काळ्या आकाशापुढं खिडकीशी कॅप्टन टोवा उभी होती. कॅप्टन, आवाज म्हणाला, आजपण तुम्ही झोपला नाहीत. जेवलाही नाहीत.

उन्हाळ्यात हेच ऐकून मी चिडले होते. आता मला माहीत होतं ती कोण आहे. ती बाई कधीच मेली होती, आणि तरी आपल्या पोरीनं चार घास खावेत म्हणून तिच्या मागं लागली होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. टोवा म्हणाली, नको मला. कप्पा उघडला, सूपची वाटी बाहेर आली. प्रियांकानं माझा हात धरून ठेवला होता.

बाहेर रिक्षा आली. प्रियांका आमच्या पाया पडली आणि चपला शोधायला गेली. तिची पाठ वळल्यावर मी तिच्या बॅगेची चेन उघडली, कपडे थोडे दाबले आणि दशम्यांचा डबा आत सरकवला. ती नको म्हणाली होती. मी ते नीट ऐकलं होतं.